आवाजाचेही दप्तर हवे

पुराव्यावाचून इतिहास उभा राहत नाही, हे वाक्य गेली अनेक वर्षे मी वर्गात सांगत आलो आहे. परंतु पुरावा म्हणजे कागदच, असा समज आपणही नकळत करून घेतला आहे. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याचे कागदी दप्तर तुटपुंजेच असणार. त्या समाजाने आपली कैफियत, आपला निर्धार आणि आपला आनंद गाण्यात ठेवला. आंबेडकरी जलशांनी चळवळ वस्त्यावस्त्यांत नेली. वामनदादा कर्डक यांनी ती गावोगावी गायिली. पुढे प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्यांचे आवाज तबकड्यांतून आणि कॅसेटमधून घराघरांत पोहोचले. या तबकड्या म्हणजे आपली कागदपत्रेच होत. आज ती माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत, धूळ खात पडली आहेत.

काही वर्षांपूर्वी एका दिवंगत सहकाऱ्याच्या घरून मी अशा सतरा तबकड्या आणल्या. त्या भंगारात जाणार होत्या. चार तबकड्या उन्हाने वाकल्या होत्या. उरलेल्या तेरा घरच्या संगणकावर उतरवून घेण्याचे मी ठरवले. काम सोपे वाटले, ते तसे नव्हते. रेकॉर्ड प्लेअरची वायर थेट संगणकाला जोडली तेव्हा आवाज पातळ आणि चिरका आला. कारण पुढे कळले. तबकडी कोरताना खर्जाचा भाग मुद्दाम कमी आणि तार भाग जास्त ठेवलेला असतो. सुईकडून येणारा विद्युतसंकेतही अतिशय क्षीण असतो. तो वाढवून मूळ तोलावर आणणारा फोनो प्रीअँप्लिफायर मध्ये लागतो.

तो आणला आणि गाणी उतरली. मग उत्साहाच्या भरात मी ऑडासिटी या मोफत प्रणालीने सारी खरखर पुसून टाकली, एमपी३च्या लहान फाइली केल्या आणि मूळ नोंदी जागा अडते म्हणून काढून टाकल्या. आवाज काचेसारखा स्वच्छ झाला, याचा मला अभिमानही वाटला.

त्यांतले एक गाणे मी आमच्या वस्तीतील एका वृद्ध ताईंना ऐकवले. तरुणपणी त्या त्याच गाण्याच्या कोरसमध्ये होत्या. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकले आणि शांतपणे विचारले, “गुरुजी, आम्ही कुठं गेलो?” मी पुन्हा ऐकले. खरखरीबरोबर मागचा मंद कोरसही पुसला गेला होता. लेबलवर ज्यांचे नाव नव्हते, त्यांना तबकडीत तरी जागा होती. ती मी काढून घेतली होती. इतिहासाच्या शिक्षकाला याहून मोठा धडा कोणता?

सुदैवाने तबकड्या मी टाकल्या नव्हत्या. सर्व काम पुन्हा केले. या वेळी मूळ नोंद जशीच्या तशी, ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या प्रमाणावर, वेव्ह स्वरूपात ठेवली. अशा नोंदीला मिनिटाला सुमारे ३५ एमबी जागा लागते. आजच्या काळात ती महाग नाही. साफसफाई करायची ती नकलेवर, मूळ नोंदीवर कधीही नाही. ताईंनी कोरसमधील पाच जणींची नावे सांगितली. ती त्या फाइलीसोबत लिहून ठेवली आहेत.

कोणी म्हणेल, ही गाणी आता मोबाइलवर मिळतातच की! मिळतात, पण पुष्कळदा कवीचे नाव गळालेले, वादकांचा पत्ता नाही, कोणत्या साली कोणी गायिले याची नोंद नाही. नाव गळाले की मालकी गळते, आणि मालकी गळाली की आपल्याच इतिहासात आपण पाहुणे ठरतो. म्हणून प्रत्येक फाइलीसोबत लेबलचे आणि वेष्टनाचे छायाचित्र, तबकडीचा क्रमांक, गायक, कवी, वादक आणि तबकडी कोणाच्या घरची, एवढी नोंद हवीच.

येथे एक जुनी गोष्ट आठवते. तथागतांची वचने कित्येक पिढ्या भिक्खूंनी मुखोद्गत ठेवली. इ.स.पू. पहिल्या शतकात दुष्काळ आणि युद्धाच्या छायेत ती नष्ट होतील की काय, अशी भीती निर्माण झाली, तेव्हा श्रीलंकेत ती ताडपत्रावर लिहिली गेली, असे परंपरा सांगते. माध्यम बदलले, तरी पठण थांबले नाही. आपणही तसेच करावे. संगणकात उतरले म्हणून तबकडी टाकू नये. ती उभी ठेवावी, उन्हापासून आणि ओलीपासून दूर ठेवावी. ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना स्पिरिट लावू नये, लाख विरघळते. त्यांना जाड सुईही वेगळी लागते. फाइलींच्या तीन प्रती असाव्यात, त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी.

कायद्याचेही भान ठेवू. आपल्या देशात ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे, तर गीताचा कवीच्या निधनानंतर ६० वर्षे असतो. जतन आणि अभ्यास एक, विनापरवाना वाटप दुसरे. ज्या शाहिरांच्या वारसांना कधी मोबदला मिळाला नाही, त्यांचा हक्क आपणच डावलू नये.

आपल्या शाळेच्या संगणक कक्षात रविवारी यंत्रे रिकामी असतात. वरच्या वर्गातील मुले हे काम आनंदाने शिकतील. आजी-आजोबांजवळ बसून नावे विचारतील. त्यांच्यासाठी याहून चांगला इतिहासाचा तास मला सुचत नाही. माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना माझी विनंती एवढीच, की येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनापूर्वी घरातील माळा एकदा पाहावा. तबकडी सापडली तर आणावी. आणि ती ऐकून ज्यांचे ओठ हलतात, असे कोणी घरात असेल तर त्यांनाही सोबत आणावे. तबकडी आणखी काही वर्षे थांबेल. माणसे थांबत नाहीत.