हिरवळीस पाणी, तुळशीस कोरड

वैशाखातील एका सकाळी आम्ही गोव्यातील एका देवस्थानाच्या आवारात उभे होतो. देवस्थानाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. दोष त्या एकट्याचा नव्हे. सभागृहापुढील विस्तीर्ण हिरवळीवर रबरी नळी सोडलेली होती. ऊन चढले तरी पाणी वाहत होते आणि फरसबंदीवर पसरून सुकत होते. देवळामागे मात्र मोगऱ्याची आळी भेगाळलेली, अबोलीची रोपे माना टाकलेली, वृंदावनातील तुळशीच्या काड्या झालेल्या. देवाचा हार कोठला म्हणून विचारले, तेव्हा माळी निर्विकारपणे म्हणाला, "बेळगांवच्यान येता." ते ऐकून आम्हांस लाज वाटली.

देवळाची फुलबाग ही नित्यपूजेची तरतूद आहे. म्हार्दोळास श्रीम्हाळसेच्या जायांच्या पूजेसाठी तेथील कुटुंबे आजही जाई फुलवितात. तो बहर पावसाळ्यातला खरा. पण उन्हाळ्यात जगविलेल्या वेलीलाच तो येतो, हे विसरून कसे चालेल?

आता हिशेब मांडू. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, परंतु तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. एप्रिल-मेच्या उन्हात हिरवळ हिरवीगार राखावयाची तर दर चौरस मीटरला रोज सुमारे ५ लिटर पाणी लागते. ५०० चौरस मीटरांना रोजचे २,५०० लिटर, ६० दिवसांचे १,५०,००० लिटर. म्हणजे १०,००० लिटरांचे १५ टँकर! गावच्या विहिरी तळ गाठतात त्याच दिवसांत हा व्यय होतो, आणि त्यातून देवाच्या चरणी वाहण्यास एक फूलही मिळत नाही.

प्रतिपक्ष म्हणेल, हिरवळ वाळली तर पुन्हा लावण्याचा खर्च कोणी सोसावा? त्याचे उत्तर गणपतीच्या पूजेतच आहे. दूर्वा म्हणजेच आपली हरळी. उन्हाळ्यात ती पिवळी पडते, पण तिचे कंद-मुळे जमिनीत जिवंत राहतात आणि पहिल्या पावसासरशी ती पुन्हा हिरवी होते. तिला उपटून बाजारातील नाजूक गवताचे गालिचे अंथरावयाचे आणि ते जगविण्यासाठी टँकर मागवावयाचे, हा कोणता शहाणपणा? असे गवत लावलेच असेल तर ते थोडक्या जागेत ठेवावे, उंच राखून कापावे, आणि रोज वरवर शिंपण्याऐवजी तीन-चार दिवसांआड पहाटे खोलवर भिजवावे. रोजच्या शिंपणाने मुळे वरच राहतात आणि एका दिवसाच्या खंडानेही गवत करपते.

दुसरा युक्तिवाद असा की, लग्नकार्यांस हिरवळ हवी, तीपासून देवस्थानास उत्पन्न होते. येथे आमच्या व्यवसायातील एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. कायद्याच्या दृष्टीने प्रतिष्ठापित देवता ही स्वतः मालमत्ता धारण करणारी व्यक्ती आहे. व्यवस्थापक तिचे कारभारी होत. गोव्यातील देवस्थानांचा कारभारही १९३३ च्या महाजनीविषयक नियमावलीने बांधलेला आहे. कारभाऱ्याने धन्याच्या विहिरीतून पाहुण्यांच्या छायाचित्रांची शोभा सजवावी आणि धन्यास विकतचा हार घालावा, ह्याला उत्पन्न म्हणावे काय?

ह्यावरील उपाय शिकण्यासाठी परदेशी जावयास नको. वैशाखात तुळशीवर गळती बांधण्याचा परिपाठ आपल्या घराघरांत होता. तळाशी बारीक छिद्र असलेल्या भांड्यातून थेंबथेंब पाणी रोपावर पडे आणि मुळाशी मुरे. आज ठिबक सिंचन म्हणून ज्याची वाखाणणी होते त्याचे मर्म हेच. तसेच पाचोळ्याचे. माळी सकाळी पाचोळा झाडून जाळतो आणि मग उघड्या, तापलेल्या जमिनीस पाणी घालतो. तोच पाचोळा आणि नारळाची सोडणे आळ्यात, खोडापासून चार बोटे दूर अंथरली, तर ओल कितीतरी अधिक दिवस टिकते.

म्हणून आमचे महाजनांस स्पष्ट सांगणे आहे. येत्या सभेत उन्हाळ्यातील पाण्याचा हिशेब मागावा. पहिला वाटा तुळशीचा, दुसरा फुलझाडांचा, उरला तर हिरवळीचा, असा ठराव करावा. आवारात पाचोळा जाळण्यास मनाई करावी. ह्यास खर्च नाही. थोडी दक्षता हवी.

मृगाचा पाऊस पडेल तेव्हा पिवळी पडलेली दूर्वा आपोआप हिरवी होईल. वैशाखात मुळासकट वाळलेला मोगरा मात्र कोणत्याही पावसाने उठणार नाही. नळी कोणीकडे वळवावयाची, हे महाजनांनी एवढ्यावरून ठरवावे.