रेटिंगपलीकडची शाळा

अमेरिकेत घर बघताना आपली मंडळी आधी शाळेचं दहापैकी रेटिंग बघतात. चार दिसले की घर यादीतून बाद! पण या गुणांत शिकवण्याइतकंच पालकांचं उत्पन्नही डोकावतं. शिवाय पट घटला की काय होतं, ते शिकागोत दिसलं. तिथे २०१३ पासून २०२४ पर्यंत शाळांना पैसा पटानुसार मिळत होता. मुलं कमी, म्हणून पैसा कमी. मग ग्रंथपाल, संगीत गेलं की उरलेले पालकही निघतात. त्याच वर्षी पट कमी म्हणून सुमारे ५० शाळा बंद करायचं ठरलं, बहुतेक कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या. मुंबई महापालिकेच्या मराठी शाळांचा घसरता पट आपण पाहिलाच आहे. म्हणून रेटिंग जरूर बघा, पण एकदा शाळेत जाऊन वर्गही बघा. पट आपल्याच मुलांनी बनतो.