हजारो कंठांचे एक वाद्य, हक्क कुणाचा?

एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांचे आवाज इंटरनेटवरून गोळा करून त्यांचे समूहगान घडविण्याचा प्रयोग आता नवा राहिलेला नाही. अमेरिकी संगीतकार एरिक व्हिटाकर यांनी २०१० मध्ये १२ देशांतील १८५ गायकांच्या ध्वनिचित्रफिती जुळवून पहिला 'व्हर्च्युअल क्वायर' उभा केला. २०२० च्या टाळेबंदीत हीच संख्या १२९ देशांतील १७ हजार ५७२ गायकांवर पोहोचली. तथापि या प्रयोगांत प्रत्येकजण ठरलेले गाणे गात होता आणि ते गाणे प्रसिद्ध झाले की त्याचे काम संपत होते. त्यापुढचे पाऊल अधिक गुंतागुंतीचे आहे. लोकांकडून गाणे न मागता सुटे स्वर मागायचे, आणि त्यांतून पेटीसारखे वाजविता येणारे वाद्य तयार करायचे.

कल्पनेचे मूळ जुनेच आहे. १९६३ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे बाजारात आलेल्या 'मेलोट्रॉन'मध्ये प्रत्येक पट्टीखाली सुमारे आठ सेकंदांची ध्वनिफीत असे. पुढे त्यात समूहस्वरांच्या फितीही आल्या. आज फितीची जागा संगणकाने घेतली आहे आणि स्टुडिओतील निवडक गायकांची जागा घरबसल्या मोबाइलवर गाणाऱ्या हौशी मंडळींनी.

या पद्धतीत सहभागी व्यक्तीने कानात वाजणाऱ्या आधारस्वरावर 'आ', 'ओ', 'ऊ' असे स्वर काही सेकंद धरायचे असतात. काम सोपे वाटते, पण अडचणी तेथूनच सुरू होतात. घरातला पंखा, रस्त्यावरचे भोंगे, मोकळ्या भिंतींचा प्रतिध्वनी हे सारे आवाजासोबत येते. फोनमधील गोंगाट गाळणारी यंत्रणा तर बोलण्यासाठी बनविलेली. लांब धरलेल्या 'आ'लाच गोंगाट समजून ती कित्येकदा दाबून टाकते. असे नमुने निवडायचे, कापायचे, सुरात आणायचे आणि पट्टीवर बसवायचे हे जिकिरीचे काम आहे. त्यातही स्वर तंतोतंत जुळविले की समूहाचा भास संपतो. एकच आवाज पन्नास वेळा एकावर एक ठेवला तर तो केवळ मोठा होतो, समूह होत नाही. स्वरांतला किंचित फरक आणि थोडे मागेपुढे येणे यांमुळेच अनेक माणसे गात असल्याचे कानाला जाणवते. थोडक्यात, हौशी गायकांचा कच्चेपणा हेच या वाद्याचे भांडवल ठरते.

भांडवल म्हटले की मालकी आली. हॉली हर्न्डन आणि मॅट ड्रायहर्स्ट या कलावंतांनी २०२४ मध्ये लंडनच्या सर्पेंटाइन गॅलरीतील 'द कॉल' या प्रदर्शनासाठी ब्रिटनमधील १५ हौशी गायनवृंदांचे आवाज ध्वनिमुद्रित केले आणि त्यांवर कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे घडविली. त्या ध्वनिसंग्रहाचा वापर कोणी, कसा करावा हे ठरविण्यात गायनवृंदांनाही वाटा मिळावा, यासाठी विश्वस्त व्यवस्थेचा प्रयोग त्यात होता. तंत्रापेक्षा हा भाग अधिक महत्त्वाचा मानावा लागेल.

आपल्याकडे आवाजाच्या हक्काची चर्चा आजवर नामवंतांभोवतीच फिरली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना, तर २०२५ मध्ये आशा भोसले यांना आवाजाच्या यांत्रिक नकलेविरुद्ध अंतरिम संरक्षण दिले. ओळखता येणारा आवाज हा या संरक्षणाचा पाया. समूहात मिसळलेला आवाज मात्र ओळखू येत नाही. किंबहुना तो ओळखू येऊ नये, यासाठीच तर सारा खटाटोप. मग पाचशेपैकी एकाने उद्या 'माझा स्वर काढून टाका' म्हटले, तर काय काढायचे?

आवाज दान करण्याची सवय मराठी माणसालाही लागली आहे. मोझिलाच्या 'कॉमन व्हॉइस' प्रकल्पात मराठी वाक्ये वाचून स्वयंसेवकांनी ती मुक्त वापरासाठी खुली केली. तेथे निदान अट प्रारंभीच स्पष्ट असते. विक्रीसाठी बनणाऱ्या वाद्याच्या बाबतीत मात्र बारीक अक्षरांतील करार कोण वाचतो?

भारतीय प्रताधिकार कायद्याच्या ३८ आणि ३८-अ या कलमांनी सादरकर्त्याला स्वतंत्र हक्क दिले आहेत. कलम ३९-अ अन्वये हस्तांतरणाचे नियमही या हक्कांना लागू होतात. त्यानुसार हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीचे हवे. मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते, आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरताच. एकटा 'आ' हे कायद्याच्या दृष्टीने सादरीकरण ठरते का, हा प्रश्न त्याही आधीचा. तो 'सादरीकरण' ठरला, तर मुदत न लिहिता गोळा केलेल्या स्वरांवर उभे राहिलेले वाद्य सहाव्या वर्षी विकणे निर्मात्यांना अवघड जाईल. न ठरल्यास, स्वर देणाऱ्याच्या हाती संकेतस्थळावरील अटींखेरीज काहीच उरणार नाही.