एकाच माळेचे मणी

सासऱ्यांनी दोन जावई केले, की त्या दोघांना आयुष्यभर शेजारी शेजारी ठेवून पाहिलं जातं. माझे साडू मनमाडला रेल्वेत आहेत, मी नाशकात बँकेत. त्यांना पास मिळतो, मला मिळत नाही. मला स्टाफचं स्वस्त कर्ज मिळतं, त्यांचं टक्कल माझ्यापेक्षा उशिरा सुरू झालं. हा ताळेबंद सासरी गेली वीस वर्षं चालू आहे आणि अजून टॅली झालेला नाही.

म्हणून गेल्या दसऱ्याला आम्ही दोघांनी ठरवलं, की निदान एका बाबतीत तुलनेला जागाच ठेवायची नाही. दोघी बहिणींना एकसारखे फोन घ्यायचे. एकाच दुकानात, एकाच वेळी, एकाच कंपनीचे, एकच मॉडेल, एकच रंग. बिलांचे नंबरसुद्धा लागोपाठचे. किंमत प्रत्येकी २६,९९९ रुपये. एकाच माळेचे मणी म्हणतात ते हेच, अशी माझी समजूत होती. बँकेत इतकी वर्षं काढूनही माणूस भाबडा राहू शकतो, याचा हा पुरावा.

डिसेंबरात पैठणीचं प्रकरण झालं. भाचीचं लग्न माघात होतं आणि आमच्या हिला रामा रंगाची पैठणी हवी होती. मनमाडहून येवलं जवळ, म्हणून मेहुणीने जाऊन साडी निवडावी आणि फोटो पाठवावा असं ठरलं. इथे पुरुष वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. आपल्याला निळा आणि हिरवा असे दोन रंग ठाऊक असतात. बायकांना त्या दोन रंगांच्या मधल्या बोळात रामा, मोरपंखी, चिंतामणी अशी एकेक स्वतंत्र बिऱ्हाडं दिसतात. रामा हिरव्याच्या बाजूला राहतो, चिंतामणी निळ्याच्या. भिंत एकच, पण वहिवाट वेगळी.

फोटो आला. "हाच घेऊ का?" "घे, अगदी मनातला रंग." रंगाचं नाव कोणीच घेतलं नाही, कारण दोघींच्या डोळ्यांसमोर तो स्वच्छ दिसत होता. ११,५०० रुपये गेले. फॉल-पिको करून साडी आली, घडी मोडली आणि आमची ही मटकन खाली बसली. साडी चिंतामणी होती.

पुढचा महिनाभर दोघी बहिणींत बोलणं नव्हतं. "तिने रंग बदलला," ही म्हणायची. "फोटो बघून हो म्हणाली आणि आता उलटली," असं तिकडून साडूंमार्फत यायचं. दुकानदार साडी परत घेईना, कारण फॉल लागला होता. पण साडीचं काय एवढं? पंचेचाळीस वर्षांच्या दोन बायका, ज्या लहानपणी एका पांघरुणात झोपल्या, त्या एकमेकींना खोटारडी म्हणत होत्या. मला ते पाहवत नव्हतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मेहुणी शेवटी आली. दोन्ही फोन टीपॉयवर शेजारी पडले होते. साडूंनी काय मनात आणलं कुणास ठाऊक, त्यांनी दोन्हींवर तोच येवल्याचा फोटो उघडला. मेहुणीच्या फोनवर पैठणी चिंतामणी होती. आमच्या फोनवर तीच पैठणी रामा होती. मागची पांढरी गादी तिच्या फोनवर परीटघडीची, आमच्या फोनवर हळदीचं दूध सांडल्यासारखी. दोघी काही न बोलता बराच वेळ बघत राहिल्या. मग मेहुणी रडायला लागली आणि आमची ही तिला तिळगूळ भरवायला लागली. खोटं दोघींपैकी कोणीच बोललं नव्हतं. खोटं टीपॉयवर होतं.

त्या संध्याकाळी तिळाच्या वड्यांच्या ताटलीचेही दोन्ही फोनवर फोटो काढले. एकीकडे वड्या मोतिया, दुसरीकडे किंचित गुलाबी. शिवाय आमच्या फोनवर डावीकडच्या दोन वड्या दरवेळी पुसट. ताटली फिरवली तरी डावीकडच्याच.

शाखेतल्या नव्या मुलाने दोन्ही फोनांतली सेटिंगं एकसारखी करून दिली. डोळ्यांना आराम देणारी पिवळी सोय बंद, रंगांची पद्धत एकच, उजेड एकच. फरक तसाच. मग मी दोन्ही फोन घेऊन कंपनीच्या सेवा केंद्रात गेलो. काउंटरवरच्या मुलाने ते पाहिले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, असे दोन फोन शेजारी ठेवून कोणी बघतं का?"

"आमच्या सासरी बघतात," मी म्हणालो.

"एकटा बघितला तर काही वाटणार नाही. हे स्पेसिफिकेशनमध्ये बसतं."

"ते स्पेसिफिकेशन दाखवा. किती पिवळा चालतो आणि किती चालत नाही, ते कुठे लिहिलंय?"

"ते कॉन्फिडेन्शियल असतं, काका."

त्या मुलाशी माझं भांडण नाही. तोही माझ्यासारखाच काउंटरच्या आत बसून दुसऱ्याचे नियम सांगणारा. माझं भांडण त्या वाक्याशी आहे. एकटा पाहिला तर काही वाटणार नाही! अहो, खोटी नोटसुद्धा एकटी पाहिली तर पुष्कळांना काही वाटत नाही. म्हणून तर आम्ही ती खऱ्या नोटेशेजारी धरतो. आणि 'बसतं' म्हणजे काय? माझ्या कॅशमध्ये संध्याकाळी दहा रुपये कमी आले, तर ते स्पेसिफिकेशनमध्ये बसतात असं मॅनेजरसाहेबांना सांगून बघा. ते दहा रुपये माझ्या खिशातून जातात. ऐंशी वर्षांच्या पेन्शनर आजोबांची सही जरा थरथरली तर आम्ही त्यांना पुन्हा करायला लावतो. (हे काही आमचं भूषण नव्हे, पण फरक लपवत तरी नाही.)

मग मी जरा माहिती काढली. हा प्रकार आमच्याच कंपनीने शोधून काढलेला नाही. मोठमोठ्यांच्या घरीही हेच. २०१५ साली ॲपलचा आयफोन ६एस आला, तेव्हा त्यातली ए९ चिप काही फोनांत सॅमसंगने बनवलेली होती, काहींत तैवानच्या टीएसएमसीने. गवगवा झाल्यावर कंपनीने सांगितलं, की बॅटरीत दोन-तीन टक्क्यांचाच फरक पडतो. २०१६ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस७ मध्ये कॅमेऱ्याचं काळीज, म्हणजे सेन्सर, काही फोनांत सोनीचा तर काहींत सॅमसंगचा स्वतःचा. डब्यावर नाव एकच. २०१७ च्या हुआवेच्या पी१० मध्ये तर साठवणुकीची मेमरी कुणाला वेगवान मिळाली, कुणाला मंद. कारण काय, तर पुरवठ्याची टंचाई. रेशनच्या दुकानातही टंचाई होती, पण तिथे निदान फळ्यावर लिहीत.

मी कॉमर्सचा पदवीधर आहे. दोन पुरवठादार ठेवणं हे शहाणपण आहे, हे मला शिकवावं लागत नाही. घरात कार्य असलं, की आपणही दोन दूधवाल्यांना सांगून ठेवतो. एकाने दगा दिला तर दुसरा असतो, आणि दोघांत भाव पाडून मागता येतो. पडदा बनवणारेही एका साच्यातून लाडू पाडत नाहीत. एकाच कारखान्यातल्या दोन पडद्यांच्या पांढऱ्यात फरक पडतो. तो कारखान्यातच यंत्राने मोजून, एकेका फोनमध्ये दुरुस्त करता येतो, पण त्याला वेळ लागतो आणि वेळेला पैसे. कॅमेऱ्याची भिंगं तर सहा-सात प्लॅस्टिकच्या चकत्या एकावर एक रचलेल्या. त्यातली एखादी केसाच्या अंशाने कलली, की आमच्या डावीकडच्या वड्या पुसट. हे सगळं मला मान्य आहे. माणसाच्या हातचं काम आहे, दोन जावईही सारखे निघत नाहीत.

पण मग तसं सांगा ना! फरक आहे याबद्दल तक्रार नाही. फरक तुम्हाला ठाऊक आहे आणि मला नाही, ही तक्रार आहे. कुठल्या फोनमध्ये कुणाचा पडदा बसवला, याची नोंद कंपनीच्या दप्तरात पैन् पै असणार. नसती तर दुरुस्तीला सुटे भाग कसे मागवले असते? म्हणजे जमाखर्च लिहिलेला आहे, फक्त खातेदाराला पासबुक मिळत नाही.

आमच्या नाशिकरोडलाच नोटांचा छापखाना आहे, १९२८ पासूनचा. देशात नोटा चार ठिकाणी छापतात. नाशिक, देवास, म्हैसूर आणि सालबोनी. मी रोज त्या मोजतो. ही देवासची म्हणून जरा पिवळी चालेल, असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. आणि नाणी पाहा. खिशातलं नाणं काढा आणि सालाखाली बघा. चौकटचा ठिपका असेल तर ते मुंबईच्या टांकसाळीचं, तारा असेल तर हैदराबादचं, गोल टिंब असेल तर नोएडाचं आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. रुपयाचं नाणं आपण कुठे जन्मलो ते सांगतं. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर कारखान्यांचे पत्ते छापतात आणि बॅच नंबरच्या अक्षरावरून पुडा कुठला ते ओळखा म्हणतात. आणि २६,९९९ रुपयांच्या फोनला ठिपका नाही, तारा नाही, अक्षर नाही!

बी.कॉम.ला आम्ही १९३० चा मालविक्री कायदा घोकला होता. त्यातलं कलम १७ परीक्षेला हमखास यायचं. नमुना दाखवून माल विकला, तर दिलेला माल गुणवत्तेत नमुन्याशी जुळला पाहिजे. तेव्हा उदाहरणं गव्हाची आणि कापसाची असत. दुकानात काउंटरवर साखळीने बांधून ठेवलेला फोन हा नमुना की शोभेची वस्तू, याचं उत्तर आमच्या सरांनी दिलं नव्हतं. वकिलाला विचारलं तर तो म्हणाला, खटला होईल, पण फी पैठणीपेक्षा जास्त होईल. वर्तमानपत्रांत आणि इतरत्र फोनांची जी परीक्षणं येतात, तीही बहुधा कंपनीने धाडलेल्या नगावर लिहिलेली. तो नग आणि माझा नग एका पंगतीला बसलेले होते की नाही, कोण सांगणार?

मी कंपनीला पत्र लिहिलं. मागणी एकच. डब्यावर जिथे कमाल किंमत आणि उत्पादनाचा महिना छापता, तिथेच पडदा कोणाचा आणि कॅमेऱ्याचा सेन्सर कोणाचा, हे दोन शब्द छापा. शाई माझ्याकडून. उत्तर आलं. माझ्या अभिप्रायाबद्दल आभार मानले होते आणि अनुभव कसा वाटला म्हणून पाच तारे विचारले होते. मी एक दिला. हैदराबादचा.

लग्न छान झालं. आमची ही ती पैठणी नेसली. बहिणी-बहिणी शेजारी उभ्या राहिल्या आणि साडूंनी दोन्ही फोनांवर फोटो काढले. आमच्या फोनात ही रामा नेसलेली आहे, त्यांच्या फोनात चिंतामणी. कोणी रंग विचारला, की ती आधी विचारते, "कुठल्या फोनात बघितलीत?" आणि परवा शेजारणीला सांगत होती, की साडेअकरा हजारांत दोन पैठण्या पडल्या.

मी मात्र तिच्या फोनातल्या माझ्या फोटोत डावीकडे उभा आहे. साडू उजवीकडे. ते स्वच्छ आले आहेत.