जुनी एमटीबी: ओव्हरहॉल करायची की नवी घ्यायची?



आज मशीनबद्दल बोलायचंय, पण उदाहरण घेतोय सायकलचं. होमस्टेला जोड म्हणून चार-पाच गिअरच्या सायकली भाड्याने द्यायच्या, किंवा पाहुण्यांना सकाळी घाटात फिरवून आणायचं, असा विचार तुमच्यापैकी बरेच जण करताहेत. घरात सात-आठ वर्षांची एक एमटीबी पडलेली असतेच. मग प्रश्न येतो, हिच्यावर पैसे घालायचे की नवी घ्यायची?

यावर एक ठरलेलं उत्तर सगळीकडे ऐकू येतं. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त झाला, तर नवी घ्या. मला हा नियम पटत नाही. कारण 'नवी' म्हणजे कुठली नवी, हे तो विचारतच नाही.

तुमची जुनी सायकल त्या काळातली चांगली असेल, आणि तुलना करताय ती आज दुकानात दिसणाऱ्या सगळ्यात स्वस्त, जाड टायरच्या, पुढे-मागे शॉकअपवाल्या सायकलशी, तर ती तुलनाच चुकीची. तो मागचा शॉकअप बहुतेक वेळा वजन वाढवतो, बाकी काही नाही. भाड्याच्या धंद्यात अशी सायकल एका सीझनमध्ये खिळखिळी होते. तेव्हा जुनीच्या तोडीची नवी केवढ्याला मिळते ते आधी बघा, मग भागाकार करा.

आता आकडे मांडू. समजा, मिस्त्रीने ओव्हरहॉलिंगचे ४,५०० रुपये सांगितले आणि त्यानंतर सायकल दीड वर्ष चालेल. म्हणजे वर्षाला ३,०००. तोडीची नवी समजा १६,००० ची, चार वर्षं चालेल आणि शेवटी ४,००० ला विकली जाईल. १६,००० मधून ४,००० गेले, राहिले १२,०००, भागिले चार. वर्षाला ३,०००! बरोबरी झाली ना? पण पहिल्या पर्यायात ११,५०० रुपये आज तुमच्या हातात राहतात. नव्या धंद्यात हेच पैसे हेल्मेट, पंप, स्पेअर ट्यूब, बोर्ड आणि दोन महिन्यांचं भाडं यांना लागतात. धंदा तोट्यामुळे बुडण्याआधी खिसा रिकामा झाल्यामुळे बंद पडतो, हे मी व्हिडिओत सतत सांगतो ते याच कारणासाठी.

उलट बाजूही धरा. जुनी सायकल सीझनमध्ये आठ दिवस दुकानात पडून राहिली आणि दिवसाचं भाडं ३०० असेल, तर २,४०० तिथे गेले. हा खर्च कोणी लिहीत नाही, कारण त्याचं बिल येत नाही. म्हणून दुरुस्ती करायची तर पावसाळ्यात, पाहुणे नसताना.

'दोन महिन्यांपूर्वीच नवे टायर टाकलेत हो,' हे कारण देऊ नका. गेलेला पैसा गेला. एक मात्र तपासा: ते टायर दुसऱ्या सायकलला बसतील का? तुमची जुनी बहुतेक २६ इंची चाकांची असेल, आणि चांगल्या नव्या आता २७.५ किंवा २९ इंची येतात. तिथे ते टायर बसणार नाहीत. २६ चे टायर-ट्यूब आपल्याकडे अजून सहज मिळतात, त्याची काळजी नको. अडचण येते चांगल्या शॉकअपची. २६ इंचीसाठी तो शोधत फिरावं लागतं, आणि मिळाला तरी चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला होतो.

मिस्त्रीकडे जाण्याआधी घरी अर्धा तास द्या. आधी सायकल धुवा, कारण मळाखाली चीर दिसत नाही. फ्रेमचे सांधे बघा, विशेषतः हँडलखालचा आणि पायडलजवळचा. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला चीर असेल तर हिशेब तिथेच संपला. वेल्डिंगवाला 'होईल की' म्हणेल, पण वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा धातू मऊ पडतो आणि तो पुन्हा पक्का करायची भट्टी त्याच्याकडे नसते. लोखंडी फ्रेम असेल तर चांगला वेल्डर काम करू शकतो, पण ती स्वतः वापरा, गिऱ्हाइकाला देऊ नका.

मग चेन. स्टीलची पट्टी घ्या आणि एका पिनेच्या मध्यापासून मोजा. बारा इंचांवर बरोबर पिनेचा मध्य आला तर चेन ठीक. एक सूत पुढे गेला, म्हणजे इंचाचा आठवा भाग, तर चेनबरोबर मागची चक्रंही झिजली आहेत असं समजा. नुसती नवी चेन टाकली तर ती दात सोडेल. अर्धं सूत असतानाच चेन बदलली तर चक्रं बहुधा वाचतात. चेन शेकड्यात येते, सगळा संच हजारात जातो. भाड्याच्या सायकलींची चेन महिन्यातून एकदा मोजायची सवय लावा.

पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. कटकट झाली तर हँडलच्या कपाला बोट लावून बघा. खेळ तिथे असेल तर छर्रे, ग्रीस, कप, किरकोळ काम. खेळ शॉकअपच्या दांडीत असेल आणि शॉकअप स्वस्तातला असेल, तर दुरुस्तीच्या नादी लागू नका. साधा लोखंडी चिमटा बसवून घ्या, डांबरी रस्त्याला तो उत्तम. कोकणात असाल तर सीटची दांडी बाहेर येते का तेही बघा. खाऱ्या हवेत ती आत धरून बसते, आणि मग उंच-बुटक्या गिऱ्हाइकांना ती सायकल कामाची नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. म्हणजे नवी स्वस्त झाली तशी दुरुस्तीचं सामानही. 'जीएसटी कमी झालाय, घेऊन टाका' हा दुकानदाराचा मुद्दा झाला, तुमचा नाही. टॅक्ससाठी नवी घ्या असंही कोणी सांगेल. अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत रिटर्न भरत असाल तर त्याने काडीचा फरक पडत नाही.

एवढं करून नवीच घ्यायची ठरली, तर जुनी लगेच विकू नका. पायडल, सीट, ब्रेकच्या केबल, गिअरचे शिफ्टर सीझनमध्ये रविवारी संध्याकाळी उपयोगी पडतात, तेव्हा दुकानं बंद असतात. आणि फ्रेमला चीर होती म्हणून ती भंगारात देत असाल, तर आधी हॅकसॉने खालची नळी कापा. नाहीतर महिनाभराने तीच फ्रेम नवा रंग लावून एखादं पोर घाट उतरताना दिसेल.