विश्लेषण : दुखते जांघेत, उपचार कंबरेवर… खुब्याच्या आजाराचे निदान उशिरा का होते?

जांघेत कळ येते, मांडी घालून बसता येत नाही, तरीही महिनोन्‌महिने शेक, पट्टा आणि गोळ्या चालतात त्या कंबरदुखीच्या. या दिरंगाईत सांधा वाचवण्याची वेळ निघून जाते. ती टाळण्यासाठी महागड्या यंत्रांच्या आधी साध्या तपासणीचा आग्रह हवा.

खुबा नेमका दुखतो कुठे?

‘खुबा दुखतो’ असे सांगताना बहुतेकांचा हात कुल्ल्यावर किंवा बाजूच्या हाडावर जातो. प्रत्यक्षात सांधा त्याहून पुढे आणि खोल, जांघेच्या आत असतो. मांडीच्या हाडाचा चेंडूसारखा माथा तिथल्या वाटीत फिरतो. म्हणून सांध्यातील दुखणे सहसा जांघेत आणि मांडीच्या पुढच्या भागात जाणवते. कुशीवर झोपल्यावर बाजूला दुखत असेल, तर बहुधा तिथले स्नायुबंध दुखावलेले असतात. कुल्ल्यापासून पावलापर्यंत कळ उतरत असेल, तर शंका कंबरेतील नसेची.

काही वेळा खुब्याचे दुखणे फक्त गुडघ्यात जाणवते. वयात येणारे, विशेषतः वजन जास्त असलेले मूल गुडघा दुखतो म्हणत लंगडत असेल, तर खुबा त्याच दिवशी तपासायला हवा. या वयात मांडीच्या हाडाचा माथा जागेवरून सरकण्याचा धोका असतो.

तरुणांचा खुबा का झिजतो?

त्याचे एक मोठे कारण ‘एव्हीएन’, म्हणजे ॲव्हॅस्क्युलर नेक्रोसिस. मांडीच्या हाडाच्या माथ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मोजक्याच असतात. पुरवठा तुटला की आतले हाड मरते आणि गोल माथा हळूहळू खचतो. दीर्घकाळ किंवा जास्त मात्रेत घेतलेली स्टेरॉइड्स, अतिमद्यपान आणि खुब्याजवळची जुनी इजा ही प्रमुख कारणे. विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांत आढळणाऱ्या सिकलसेलमध्येही हा धोका असतो. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी कोविडनंतर एव्हीएन झालेल्या, चाळिशीच्या आतील तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा या आजाराचे नाव घराघरांत पोहोचले. नाव पोहोचले, पण तपासणीची सवय त्या मानाने रुजलेली नाही.

एक्स-रे ‘नॉर्मल’ असेल तर?

इथेच गफलत होते. एव्हीएनच्या सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. बदल दिसतो तो एमआरआयमध्ये. दुसरीकडे कंबरेच्या एमआरआयमध्ये चकती थोडी सरकलेली दिसणे, हे त्रास नसलेल्या माणसांतही सामान्य असते. तो अहवाल हाती आला की रुग्ण आणि डॉक्टर दोघेही कंबरेवर थांबतात.

म्हणून ऊठसूट प्रत्येकाचा एमआरआय करावा, असे नाही. आधी रुग्णाला झोपवून, खुबा आणि गुडघा वाकवून पाय दोन्ही दिशांना फिरवून पाहावा. खुबा आतल्या बाजूस फिरवताना जांघेत दुखले किंवा हालचाल अडली, तर संशय खुब्यावर. या तपासणीला खर्च नाही आणि पाच मिनिटांहून जास्त वेळही लागत नाही. त्यानंतर खुब्याचा एक्स-रे आणि धोक्याची कारणे असतील तर दोन्ही खुब्यांचा एमआरआय. कारण इजेविना झालेला एव्हीएन अनेकदा दोन्हीकडे असतो.

लवकर कळल्याने काय फरक पडतो?

माथा खचण्याआधी हाडात छिद्र पाडून आतला दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया करता येते. ती प्रत्येकाला यश देईल असे नाही, पण संधी तेव्हाच असते. माथा खचला की बहुतेकांना सांधा बदलण्याचाच मार्ग उरतो.

ब्रिटिश शल्यविशारद जॉन चार्नली यांनी १९६०च्या दशकात रूढ केलेली ही शस्त्रक्रिया उत्तम आहे. २०१९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सुमारे ५८ टक्के कृत्रिम खुबे २५ वर्षे टिकतात. सत्तरीतील संधिवाताच्या रुग्णाला ते आयुष्यभर पुरण्याची शक्यता मोठी. पस्तिशीतल्या रिक्षाचालकाला मात्र पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते, आणि ती पहिलीपेक्षा अवघड असते.

वयानुसार होणाऱ्या झिजेत घाई नको. वजन कमी करणे, मांडी-कुल्ल्याचे व्यायाम, दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात काठी आणि गरजेपुरत्या वेदनाशामक गोळ्या यांवर अनेकांची वर्षे निभावतात. वृद्ध व्यक्ती पडली आणि उठता येत नसेल, तर मात्र मालीश न करता थेट रुग्णालय गाठावे.

रुग्णाने काय करावे?

जांघेतले दुखणे दोन-तीन आठवड्यांत थांबले नाही, मांडी घालणे, उकिडवे बसणे किंवा मोजे चढवणे जड जाऊ लागले, तर ‘खुबा तपासा’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. पूर्वी घेतलेली स्टेरॉइड्स, दारूचे प्रमाण आणि ‘हमखास गुण’ देणाऱ्या बिनलेबलच्या पुड्या, काहीही लपवू नये. चालू असलेले स्टेरॉइड मात्र परस्पर बंद करू नये. तेही धोक्याचे ठरते. कंबरेचा पट्टा विकत घेण्याआधी दुखते नेमके कुठे, ते बोट ठेवून दाखवावे. निदानाची सुरुवात तिथूनच होते.