आमच्याकडे तसलं काही नसतं!

दिवस गेल्याचं बाईला कळतं ते पाळी चुकल्यावर. पाळी मागेपुढे होणारी असेल, तर महिना-दीड महिना पत्ताच लागत नाही. त्या काळात ऑफिसच्या पार्टीत घेतलेली वाईन किंवा मैत्रिणीच्या लग्नातली बिअर तिने जाणूनबुजून बाळाला पाजलेली नसते. अपराध पुढे घडतो, आणि तो आपण करतो.

नाव नोंदवायला ती दवाखान्यात येते. शेजारी सासूबाई. डॉक्टर केसपेपरवर लिहिता लिहिता विचारतात, "काही व्यसन?" तिने तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणतात, "छे हो, आमच्याकडे तसलं काही नसतं!" झालं! जे डॉक्टरांना कळायलाच हवं होतं, ते घराण्याच्या अब्रूखाली गाडलं गेलं. मग रात्री सगळे झोपल्यावर ती मोबाईलवर एकटीच शोधत बसते, माझ्या बाळाचं काय होईल?

तिला कुणीतरी धड सांगायला हवं होतं. डॉक्टर आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणून पाळी चुकते तेव्हा गर्भ जेमतेम दोन आठवड्यांचा असतो. अवयव घडायला खरी सुरुवात त्यानंतर होते. नकळत घेतलेल्या एक-दोन ग्लासांपायी गर्भ पाडायला धावू नये. मात्र गरोदरपणात दारूचं सुरक्षित असं माप नाही. कळल्या क्षणी थांबावं, आणि किती घेतली, केव्हा घेतली ते डॉक्टरांना मोकळेपणी सांगावं. जिला रोजची सवय आहे तिला तर उपचारच लागतात. पण ती कोणत्या तोंडाने मागणार? तोंडच आपण बंद केलंय.

माहिती नव्हती ही सबब चालणार नाही. दारूने गर्भाला होणाऱ्या इजेला सिॲटलच्या जोन्स आणि स्मिथ या डॉक्टरांनी १९७३ साली नाव दिलं. त्याआधी १९६८ मध्येच फ्रान्समधल्या नान्तच्या डॉक्टर लमवान यांनी १२७ मुलांची निरीक्षणं छापली होती. अमेरिकेत १९८९ पासून बाटलीवर गरोदर स्त्रियांसाठी इशारा असतो. आपल्याकडे २०१९ पासून बाटलीवर सक्तीचा इशारा आला: मद्यपान आरोग्यास घातक, पिऊन गाडी चालवू नका. गाडी आठवली, गर्भ नाही! आठवणार तरी कसा? आपल्या लेकीसुना पितात, हेच मुळी आपल्याला कबूल नाही. (दारूवरचा महसूल मात्र कबूल आहे. तो कोणाच्या ग्लासातून आला, हे सरकार विचारत नाही.)

आणि नवरा? पुरुषबीज तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात आणि दारूने त्याचीही प्रत बिघडते. तरी मूल हवं म्हणून त्याला कुणी ग्लास खाली ठेवायला सांगत नाही. वरातीत बाटली डोक्यावर घेऊन नाचला तर तो हौशी, तिने ग्लास नुसता हातात धरला तर ती वाया गेलेली. उद्या मूल उशिरा बोलू लागलं, शाळेत मागे पडलं, की तिच्या त्या एका ग्लासाचा हिशेब सगळं घर काढील. बापाने रिचवलेल्या खंब्यांची वही कुणी उघडणार नाही.